गच्चीवरची धूळ कोणाची?

पिंपरी-चिंचवडच्या रावेतमध्ये आमच्या सोसायटीच्या गच्चीवर 540 वॉटची 56 सोलर पॅनल आहेत, म्हणजे साधारण 30 किलोवॉट. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे यांच्या बिलाचा मोठा भाग त्यातून निघतो. परतीचा पाऊस ऑक्टोबरात गेला. तेव्हापासून गच्चीवर आभाळातून थेंब पडलेला नाही. खाली मात्र कामं जोरात आहेत. पुनावळे, किवळे, मामुर्डी, कुठेही मान वळवा, क्रेन दिसते. एका अंगाला मुंबई-बेंगळुरू महामार्ग आणि त्यावर दिवसरात्र डंपर.

फेब्रुवारीच्या मासिक सभेत विषय निघाला, पॅनल दर रविवारी धुवायची का? दोन बाजू पडल्या. एका बाजूला सोसायटीतले सगळ्यांचे काका. त्यांची सारी नोकरी पिंपरीच्या कारखान्यात मेंटेनन्स विभागात गेली. दुसऱ्या बाजूला आमच्या खजिनदार ताई. पाण्याच्या टँकरचं आणि विजेचं बिल त्यांच्या हातून भरलं जातं, त्यामुळे प्रत्येक रुपया कुठे जातो ते त्यांना पाठ असतं. सभेत आवाज चढले. सेक्रेटरी या नात्याने मी म्हटलं, हा वाद खाली हॉलमध्ये बसून मिटणार नाही, रविवारी सकाळी वर जाऊ.

त्या सकाळी साडेसहाला गच्चीवर झालेलं बोलणं जसं आठवतं तसं मांडतो आहे. पॅनल बसवून झालेल्या आणि बसवायच्या विचारात असलेल्या प्रत्येक सोसायटीला ते उपयोगी पडेल, असं मला मनापासून वाटतं.

काका (काचेवरून एक बोट ओढत): हे बघा ताई. बोट फिरलं तिथे काच काळी-निळी, शेजारी राखाडी. चार महिन्यांचा थर आहे हा. मशीन बंद पडायच्या आधी त्यावरून हात फिरवायचा, एवढं एकच आम्ही आयुष्यभर शिकलो. लाखो रुपये घालून बसवलेली वस्तू अशी मळकी ठेवायची?

ताई: मळकी दिसते हे खरं. पण दिसणं वेगळं आणि तोटा वेगळा. ही पॅनल शोभेला नाहीत, युनिटसाठी आहेत. धुळीने नेमकी किती युनिट बुडतात ते सांगा. मग खर्चाला मी सही करते.

काका: आकडा हवा ना? गांधीनगरच्या आयआयटीत प्राध्यापक चिन्मय घोरोई यांच्या पॅनलवर मोजमाप झालं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे माइक बर्गिन त्या कामात होते. 2017 मध्ये त्यांचा निबंध छापून आला. दर काही आठवड्यांनी पॅनल धुतली की प्रत्येक खेपेला कार्यक्षमता जवळजवळ 50 टक्क्यांनी वाढायची. गांधीनगर काही सहारात नाही. आपल्यासारखंच शहर, आपल्यासारखाच कोरडा उन्हाळा.

ताई: मग माझाही आकडा ऐका. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये अभ्यास मांडला. उन्हाळ्यात 145 दिवस पाऊस नाही, कोणी फडकंही मारलेलं नाही, अशा पॅनलचा तोटा किती निघाला? 7.4 टक्के. दिवसाला सरासरी 0.05 टक्के. घरावरची पॅनल धुवायला माणूस बोलावणं परवडत नाही, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. त्याही मागे जा. 1942 साली एमआयटीचे संशोधक हॉटल आणि वोर्ट्झ यांनी बॉस्टनजवळ तीन महिने मोजलं. 30 अंश तिरक्या काचेवर सरासरी तोटा एक टक्क्याच्या आत होता, जास्तीत जास्त 4.7.

काका: बॉस्टनला बाराही महिने पाऊस नाही तर बर्फ. तिथली काच देवच धुतो. आपल्याकडे देव चार महिने धुतो आणि आठ महिने विसरतो.

ताई: ते मान्य. पण मग गांधीनगरही आपलं नव्हे. तिथून वाळवंट जवळ.

मी मध्ये पडलो. म्हटलं, दोघांचेही आकडे खरे आहेत, फक्त ते दुसऱ्यांच्या गच्चीवरचे आहेत. गूगलने माउंटन व्ह्यूच्या आपल्या कार्यालयात पाहिलेली गोष्ट मला आठवली. 2009 मध्ये त्यांनी ती जाहीर केली होती. पार्किंगच्या छपरांवर सपाट ठेवलेली पॅनल 15 महिन्यांनी धुतली, तर वीज रातोरात दुप्पट झाली. त्याच आवारात इमारतींच्या छतावर तिरकी बसवलेली पॅनल होती. त्यांना पावसाने जेवढं धुतलं तेवढं पुरेसं ठरलं. आवार एक, धूळ एक. फरक फक्त उताराचा.

काका (खाली वाकून स्टँड बघत): आपला उतार किती? दहा अंशांच्या वर नसेल. रावेत साधारण साडेअठरा अंश अक्षांशावर. वर्षभराच्या उन्हाचा विचार केला तर तेवढ्याच आसपासचा उतार हवा होता. पण एवढ्या उंच इमारतीवर वारा झोंबतो, म्हणून बसवणाऱ्याने पॅनल निजवून ठेवली. जेवढं निजवाल तेवढी धूळ बसणार. आणि ही खालची कड बघा.

आम्ही तिघेही वाकलो. पॅनलच्या खालच्या कडेला, ॲल्युमिनियमच्या चौकटीला लागून, बोटभर रुंदीचा पट्टा होता. तो धुळीचा नव्हता, वाळलेल्या चिखलाचा होता. डिसेंबर-जानेवारीत पवना नदीच्या खोऱ्यात पहाटे दव पडतं. दवाने धूळ भिजते, ओघळून खाली येते, चौकटीला अडते आणि नऊ वाजता उन्हाने वाळते. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. काकांनी नखाने खरवडून पाहिलं. निघेना.

काका: ह्यात सिमेंट आहे. नुसती माती असती तर नखाखाली चुरली असती. सिमेंटची पूड आणि दव एकत्र आले की ते काचेवरच घट्ट होतं. ह्याला पाऊस काही करू शकत नाही.

ताई: हा पट्टा एवढासाच आहे. एवढ्याने काय होणार?

काका: सगळ्या काचेवर सारखी पसरलेली धूळ परवडली, पण हा पट्टा नाही. पॅनलमधले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, साखळीसारखे. साखळीतून वीज किती वाहणार ते सर्वांत कमी ऊन मिळणारा सेल ठरवतो. म्हणून पॅनलचे तीन भाग करून प्रत्येक भागाला एक बायपास डायोड दिलेला असतो. एखादा सेल झाकला गेला की डायोड तेवढा भाग वगळून वीज पुढे नेतो. म्हणजे पारव्याची एक विष्ठा नेमकी सेलवर पडली की एक तृतीयांश पॅनल गेलं समजायचं. वर तो झाकलेला सेल वीज द्यायच्या ऐवजी स्वतः तापत राहतो. त्यालाच हॉटस्पॉट म्हणतात. वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर आतला थर करपतो.

ताई: आणि हा खालचा पट्टा?

काका: पॅनल कसं बसवलंय त्यावर. आडवं असेल तर पट्टा एकाच भागावर येतो, एकावर निभावतं. उभं असेल तर खालची रांग तिन्ही भागांची असते, तिन्हीला फटका. आपली अर्ध्या कापलेल्या सेलची आहेत, वरचा आणि खालचा असे दोन अर्धे वेगळे चालतात. त्यामुळे वरचा अर्धा वाचतो. तरी खालचा अर्धा सांभाळायलाच हवा.

ताई (जरा थांबून): हे मला माहीत नव्हतं. म्हणजे पारव्यांची घाण आणि हा पट्टा यांची गोष्ट वेगळी, पसरलेल्या धुळीची वेगळी. पहिल्याला थांबायचं नाही, हे मी मान्य करते. फडकं आणि तांब्याभर पाणी घेऊन तेवढंच पुसता येईल. पण दर रविवारी सगळी 56 धुवायची, हे अजून मला पटलेलं नाही.

काका: एप्रिलचा रिपोर्ट काढून बघा. ऊन रणरणतं, तरी युनिट त्या मानाने वाढत नाहीत. धुळीशिवाय कशाने?

ताई: उष्णतेने. पॅनलवर लिहिलेले 540 वॉट हे सेलचं तापमान 25 अंश धरून मोजलेले आहेत. त्याच्या वर प्रत्येक अंशाला 0.35 ते 0.4 टक्के वीज कमी होते. एप्रिलच्या दुपारी पॅनल सहज 60 अंशांवर जातं. 35 अंशांचा फरक धरा, म्हणजे 12 ते 14 टक्के नुसत्या तापण्याने गेले. ती तूट धुऊन भरून येणार नाही. मागच्या वर्षी मे महिन्यात आपण धुतलं आणि दुसऱ्याच दिवशी वळीव आला. हवा गार झाली, युनिट वाढली. श्रेय कोणाला दिलं? धुण्याला.

काका हसले. हा मुद्दा त्यांना लागला, पण राग आला नाही. कारखान्यात दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते, हे त्यांच्याइतकं आमच्यात कोणाला ठाऊक?

काका: वळवाचं नाव काढलंत म्हणून सांगतो. मोठी सर आली तर काच लख्ख होते. पण चार थेंब पडून गेले तर धुळीचे ठिपके होतात, आधीपेक्षा वाईट. पाऊस म्हणजे धुणं, असं सरसकट धरू नका.

ताई: बरं. आता पाण्याचं बोलू. काका, शहराचं पाणी इथूनच उचललं जातं. पवनेवरच्या रावेत बंधाऱ्यातून महापालिका पाणी उपसते, ते निगडीच्या शुद्धीकरण केंद्रात जातं. बंधारा आपल्या उशाशी, आणि 2019 च्या नोव्हेंबरपासून आपल्याला पाणी दिवसाआड. उन्हाळ्यात टँकरशिवाय भागत नाही. पिण्याचं पाणी मी काचेवर कसं ओतू देऊ?

काका: हिशोब करू. तुमची भाषा मी बोलतो. पाइप लावून धुतलं तर पॅनलमागे दहा लिटर सहज जातं. 56 पॅनलचे 560 लिटर. नोव्हेंबर ते मे अशा 30 आठवड्यांचे 16,800 लिटर. हे पाप आहे, मलाही मान्य. पण बादली, ओला मॉप आणि मागून रबरी वायपर घेतला तर पॅनलला दोन लिटर पुरतात. 112 लिटर झाले. वीस लिटरच्या सहा बादल्यांत अख्खी गच्ची. तीसही आठवडे धुतलं तरी 3,360 लिटर. दहा हजार लिटरच्या एका टँकरच्या निम्मंही नाही.

ताई (मोबाइलवर आकडे पुन्हा मांडून बघत): बरोबर आहे. पाण्याचा माझा आक्षेप पाइपपुरता राहिला. पाइप गच्चीवर न्यायचा नाही, एवढं ठरावात लिहू. आणि पाणी कुठलं वापरायचं?

काका: बोअरचं नको. त्यातले क्षार काचेवर पांढरे डाग सोडतात आणि ते धुळीपेक्षा चिवट. घरोघरी आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी वापरा, असं कोणीतरी सुचवेल. ते तर मुळीच नको. शुद्ध पाण्यातून वेगळे काढलेले सगळे क्षार त्यातच असतात. पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी एका टाकीत धरून झाकून ठेवलं तर ते सगळ्यांत मऊ. एसीच्या नळीतून ठिबकतं तेही चांगलं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. उन्हाळ्यात कोरड्या हवेत ते कमी मिळेल, पण बादलीला बादली जोडता येते.

ताई: आता माझा सगळ्यांत मोठा आक्षेप. धुणार कोण? दरवेळी काय होतं ते आपल्याला माहीत आहे. हाउसकीपिंगच्या मुलाला सांगायचं, जाता जाता वर पाणी मारून ये. तो चपला घालून ओल्या पॅनलवर चढतो. पलीकडे कठडा, खाली अठरा मजले. तो कोणाच्या घरचा कर्ता आहे, हे तेव्हा कोणाच्या मनात येत नाही. पाच टक्के युनिटसाठी मी ते होऊ देणार नाही.

हे बोलताना ताईंचा आवाज बदलला होता. काकाही गप्प झाले. मग त्यांनी मान हलवली.

काका: इथे मी तुमच्या बाजूला आहे. आणि धोका फक्त पडण्याचा नाही. आपली चौदा-चौदा पॅनल एका माळेत जोडलेली आहेत. ऊन असताना एका माळेत साडेपाचशे व्होल्टच्या वर दाब असतो, तोही डीसी. इन्व्हर्टर बंद केला तरी पॅनलमध्ये वीज तयार होतच राहते. सूर्याला स्विच नाही. काच तडकलेली असेल, एखादी वायर उंदराने कुरतडलेली असेल आणि तुम्ही भर उन्हात पाणी मारलं, तर झटका बसू शकतो. म्हणून धुवायचं ते पहाटे, ऊन चढायच्या आधी. तेव्हा काचही गार असते. तापलेल्या काचेवर थंड पाणी पडलं तर ती तडकण्याची भीती राहते.

ताई: आणि वर चढणं?

काका: पॅनलवर पाय ठेवायचाच नाही. लांब दांड्याच्या मॉपने बाजूला उभं राहून धुवायचं. आतले सेल पापडासारखे पातळ असतात. पाय पडला की बाहेरून काच धड दिसते, आत बारीक भेगा जातात. त्या भेगा दोन-तीन वर्षांनी वीज खातात आणि कंपनी वॉरंटी नाकारते. तारेचा घासणा, धुण्याची पावडर, बाथरूमचं ॲसिड, यातलं काहीच नको. काचेवर ऊन परतू नये म्हणून बारीकसा लेप असतो. घासून तो गेला की कायमचा गेला.

ताई: मग कठड्याच्या बाजूची रांग धुताना कमरेला सेफ्टी बेल्ट आणि दोन माणसं, हेही ठरावात. आणि हे काम करणाऱ्याला वेगळा मेहनताना. पंतप्रधान सूर्यघर योजना 2024 मध्ये आली. त्यात सोसायटीला सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे आणि बसवणाऱ्याने पाच वर्षं देखभाल करायची आहे. पण देखभाल म्हणजे बिघाड दुरुस्त करणं की धुणंसुद्धा, हे करारात शब्दांत लिहून घ्यायला हवं. नव्याने पॅनल बसवणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन. सही करण्याआधी विचारा, धुणार कोण?

इतका वेळ दोघांचं ऐकून मला वाटलं, भांडण आता एकाच प्रश्नावर आलंय. धुवायचं, पण किती दिवसांनी? मी ताईंना म्हटलं, हा प्रश्न तुमचा आहे, तुम्हीच सोडवा.

ताई: एक सोपी रीत आहे. धुतल्या दिवशी तोटा शून्य. मग रोज थोडा थोडा वाढतो. धुतल्यापासून बुडालेल्या पैशांची बेरीज करत जायची. ती बेरीज एका धुण्याच्या खर्चाइतकी झाली की धुवायचं. त्याआधी धुतलं तर धुण्यात पैसे जातात, उशिरा धुतलं तर धुळीत जातात.

काका: आकडे घालून सांगा.

ताई: हे आकडे समजुतीसाठी. 30 किलोवॉटची रोज 120 युनिट धरू, युनिटला 10 रुपये. म्हणजे दिवसाचे 1,200 रुपये. एका धुण्याला मजुरी, पाणी धरून 1,500 रुपये. धुळीचा तोटा रोज 0.3 टक्क्यांनी वाढत गेला, तर बुडालेली रक्कम साधारण 29 व्या दिवशी 1,500 वर पोचते. म्हणजे महिन्यातून एकदा. तोच तोटा रोज फक्त 0.1 टक्क्याने वाढला, तर 50 व्या दिवशी. यातलं सगळं आपल्याला ठाऊक आहे, फक्त एक सोडून. रावेतच्या या गच्चीवर तोटा रोज कितीने वाढतो?

काका: तो मी काढून देतो. आपल्या इन्व्हर्टरला दोन बाजू आहेत, एकेकीवर 28 पॅनल. दोन्हीची युनिट ॲपवर वेगळी दिसतात. आधी आठवडाभर काहीच न करता दोन्ही बाजू लिहून ठेवायच्या, म्हणजे मुळातला फरक कळेल. मग एकच बाजू धुवायची, दुसरी तशीच. ऊन तेच, उष्णता तीच, ढग तेच. फरक पडला तर तो धुळीचा, दुसऱ्या कशाचा नाही. तुमचा उष्णतेचा आक्षेपही मिटला.

ताई: आणि धुतलेली बाजू दर दिवशी किती मागे सरकत जाते तेही दिसेल. तोच आपला आकडा.

काका: दोन आठवडे मी लिहीतच आलोय. वही घरी आहे.

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. सभेत आवाज चढवणाऱ्या माणसाने न सांगता चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ दोन बाजूंचे आकडे उतरवले होते. मुळातला फरक त्यांच्याकडे आधीच होता. म्हणजे आज एक बाजू धुता येणार होती.

आम्ही तिघांनीच धुतली. काका मॉप मारत, मी मागून वायपर ओढत, ताई बादली बदलत. पहिल्या पॅनलवर वायपर वरून खाली ओढला, तेव्हा मागे ओली काळी काच उघडी पडली आणि तिच्यात पलीकडच्या क्रेनचं प्रतिबिंब दिसलं. अठ्ठावीस पॅनलना तीन बादल्या लागल्या. खालचा पट्टा मात्र सुटेना. काकांनी ओलं फडकं त्यावर पसरून ठेवलं, दहा मिनिटं मुरू दिलं, मग तो हळूहळू सुटला. दोन ठिकाणी तरीही पांढरी रेघ राहिली. ती आता बहुतेक राहणारच.

खाली उतरताना ताईंनी शेवटच्या बादलीतलं मळकं पाणी ओतू दिलं नाही. पाण्याच्या एका रिकाम्या बाटलीत भरून घेतलं. संध्याकाळपर्यंत त्या बाटलीत तीन थर वेगळे झाले. तळाशी तांबूस जाडसर रेव. त्यावर फिकट राखाडी, पिठासारखा मऊ थर. वरचं पाणी चोवीस तास ठेवलं तरी निवळलं नाही, काळसरच राहिलं. आणि मॉपच्या कापडावर जो चिकट काळा डाग होता, तो दोनदा धुऊनही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा बसलो.

काका: गांधीनगरच्या त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, काल सांगायची राहिली. पॅनलवरच्या थरात वजनाने 92 टक्के साधी धूळच होती. उरलेल्या भागात धुरातला कार्बन आणि प्रदूषणातून आलेले इतर कण होते. ते वजनाला थोडे, पण वजनाच्या मानाने कितीतरी जास्त ऊन अडवतात. बारीक असतात, चिकट असतात आणि पुसायलाही अवघड. तळाशी बसलेली ही तांबडी रेव फारसा त्रास देत नाही. हे जे निवळत नाहीये, ते देतं.

ताई: आणि तेच आपल्या छातीत जातं. रेव नाकातच अडते. हे बारीक कण नाही अडत. काका, मी तुमच्याशी पाच टक्के, सात टक्के करत होते. पण काच आपण पुसली तरी फक्त काचेवरचंच निघालं. हवेत तरंगणारं तिथेच आहे. तेही ऊन अडवतं, आणि त्याला मॉप लागत नाही. पॅनल निदान पावसात धुऊन निघतात. आपल्या मुलांची फुफ्फुसं कोण धुणार?

काका: मग काय करायचं म्हणता?

ताई: दुसऱ्याचा कचरा आपण किती दिवस आपल्या पैशांनी धुवायचा? बांधकामाच्या धुळीवर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचे जानेवारी 2018 चे नियम आहेत. बांधकामाभोवती आडोसा हवा, माती-वाळू झाकलेली हवी, पाणी मारण्याची सोय हवी. डंपर ताडपत्रीशिवाय बाहेर पडता कामा नये. आपण आजवर तक्रार केली की उत्तर मिळायचं, धूळ सगळीकडेच असते. आता आपल्याकडे मोजमाप आहे. तारीखवार. धुतलेली बाजू आणि न धुतलेली बाजू. कोणत्या आठवड्यात काच लवकर मळली, तेव्हा शेजारी काय काम चालू होतं.

काका: म्हणजे माझी वही वीजमंडळासाठी कमी आणि प्रदूषण मंडळासाठी जास्त!

ताई: दोन्हीसाठी. तुम्ही लिहीत राहा. धुण्याचा खर्च मी मंजूर करते. आकडा येईपर्यंत महिन्यातून एकदा. पारव्यांची घाण मात्र दिसेल तेव्हा लगेच.

काका: आणि आकडा म्हणाला दीड महिना, तर मी दीड महिना थांबेन. शब्द देतो.

पुढच्या सभेत ठराव झाला. त्यात पाइपला मनाई आहे. सेफ्टी बेल्ट आहे, दोन माणसं आणि वेगळी मजुरी आहे, बोअरच्या पाण्याला नकार आहे, पावसाच्या पाण्यासाठी झाकणाची टाकी आहे. धुण्याचा दिवस कॅलेंडरवरून ठरणार नाही, वहीतल्या बेरजेवरून ठरेल, असंही लिहिलं आहे. वाद घालणाऱ्या दोघांपैकी कोणी हरलं, असं मला वाटत नाही. काकांचा हात आणि ताईंचा हिशोब, दोन्ही लागले. एकट्या हाताने आम्ही पाणी आणि माणसाचा जीव धोक्यात घातला असता. एकट्या हिशोबाने कॅलिफोर्नियाच्या आकड्यावर विसंबून तो सिमेंटचा पट्टा कायमचा पक्का होऊ दिला असता.

ठरावाच्या शेवटी एक ओळ आहे, ती ताईंनी घालायला लावली. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज द्यायचा आणि सोबत वहीच्या पानांच्या प्रती जोडायच्या. बाटलीवर त्यांनी कागदाची पट्टी चिकटवली, तिच्यावर तारीख घातली आणि खाली लिहिलं, "28 पॅनल, तीन बादल्या, चार महिने."

ती बाटली आता सोसायटीच्या कार्यालयात टेबलावर उभी आहे. वरचं पाणी अजून निवळलेलं नाही.